यंत्राला पाणी दिसते का?



बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात नांदूरघाट नावाचे गाव आहे. बालाघाटच्या पठारावरचे हे गाव. मांजरा नदी याच बालाघाटच्या डोंगरांत, पाटोदा तालुक्यात उगम पावते; पण नदीचा उगम जवळ आहे म्हणून काही विहिरी भरलेल्या राहत नाहीत. होळी उलटली की विहिरींचे पाणी तळाला जाते आणि शेताशेतांतून एकच विचार सुरू होतो : नवी विंधन विहीर घ्यावी का? आणि घ्यावी तर ती कोठे घ्यावी?

समजा, तुमच्याच घरी हा विचार चालू आहे. एके दिवशी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून फिरतो. एका जागी नारळ उभा राहतो आणि तो म्हणतो, "येथे पाणी आहे." दुसऱ्या दिवशी एक माणूस पेटी, वायरींची रिळे आणि लोखंडी खुंटे घेऊन येतो. जमिनीत खुंटे ठोकतो, पेटीवरचे आकडे वहीत उतरवतो आणि दुसऱ्याच जागेकडे बोट दाखवून म्हणतो, "येथे पाणी आहे." वडील तुमच्याकडे पाहून विचारतात, "तू विज्ञान शिकतोस ना? मग सांग, कोणाचे खरे मानायचे?"

प्रश्न थट्टेचा नाही. विंधन विहीर कोरडी गेली तरी खणणाऱ्याचे पैसे फुटाच्या हिशेबाने द्यावेच लागतात, आणि ते पुष्कळदा कर्ज काढून दिलेले असतात. म्हणून या प्रश्नाचा आपण नीट विचार करू या. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. नारळाला पाणी दिसत नाही हे तुम्ही ओळखलेच असेल. पण यंत्रालाही पाणी दिसत नाही! यंत्र मोजते ते वेगळेच काही. ते काय मोजते आणि त्या मोजमापावरून पाण्याचा तर्क कसा करायचा, हेच आज पाहायचे आहे.

पायाखालचा दगड ओळखा

यंत्राकडे वळण्यापूर्वी दगडाकडे वळू. तुमच्या शाळेत किंवा घरी शहाबादी फरशी असेलच. ही फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून येते. ती चुनखडकाची असते. प्राचीन काळी समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनेदार गाळाचा हा दगड. चुनखडकाचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. आता नांदूरघाटच्या माळावरचा काळा दगड घ्या. तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा रस आला. अशा थरांवर थर बसून दख्खनचे पठार तयार झाले. महाराष्ट्राच्या शंभर भागांपैकी ऐंशीहून अधिक भागांवर हाच काळा दगड आहे.

हे दोन दगड ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. शिक्षकांना सांगून प्रयोगशाळेतील विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब शहाबादी फरशीच्या तुकड्यावर टाका. लगेच फसफस होईल. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. काळ्या दगडावर थेंब टाकला तर काहीच होणार नाही. मात्र एक गंमत लक्षात ठेवा. काळ्या दगडाच्या छिद्रांत पांढरे खडे बसलेले असतात. त्यांतले काही कॅल्साइटचे असतात आणि ते फसफसतात. म्हणून थेंब कोठे टाकला तेही पाहायला हवे. 'हो' किंवा 'नाही' असे सरळ उत्तर देणारी कसोटीसुद्धा डोळे उघडे ठेवून वापरावी लागते. यंत्राच्या बाबतीतही पुढे हाच अनुभव येणार आहे.

तुम्ही म्हणाल, "आमच्या गावी काळा दगड आहे, मग चुनखडकाची उठाठेव कशाला?" त्याचे कारण असे की, जमिनीखाली खळखळ वाहणाऱ्या नद्यांच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो आणि चित्रे पाहतो, ती बहुतेक चुनखडकाच्या प्रदेशांतली असतात. तेथील चित्र मनात ठेवून काळ्या दगडात पाणी शोधायला निघालो, तर हमखास फसगत होते. तेव्हा आधी तेथील पाण्याची रीत पाहू.

चुनखडकातल्या वाटा

पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून येताना कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते आणि किंचित आम्लधर्मी बनते. असे पाणी चुनखडकाच्या फटीत शिरले की दगड अगदी हळूहळू विरघळू लागतो. हजारो वर्षांत केसाएवढ्या फटीचे बोट जाईल एवढे भोक होते, भोकाचे बीळ होते आणि बिळाची गुहा होते. छत्तीसगडच्या बस्तरमधली कुटुमसरची गुहा अशीच तयार झाली आहे. आपल्या महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना भागात चुनखडक आहे. तेथील सिमेंटचे कारखाने त्यावरच चालतात.

चुनखडक खूप विरघळलेल्या प्रदेशात ओढे वाहता वाहता विवरात गडप होतात आणि कित्येक किलोमीटर दूर झऱ्याच्या रूपाने पुन्हा प्रकट होतात. मधल्या वाटेचा माग कसा काढायचा? युरोपातल्या डॅन्यूब नदीची गोष्ट प्रसिद्ध आहे. जर्मनीत इमेंडिंगेन या गावाजवळ तिचे बरेच पाणी पात्रातील फटींतून खाली जाते. सुमारे १२ किलोमीटर अंतरावर आख नावाचा मोठा झरा आहे. तेथे निघणारे पाणी हेच की दुसरे? १८७७ साली क्नॉप या शास्त्रज्ञाने नदीच्या फटींत १० किलो फ्लुओरेसीन रंग, तसेच मीठ व तेल ओतले. सुमारे ६० तासांनी आखच्या झऱ्याला हिरवी झाक आली! डॅन्यूब काळ्या समुद्राला मिळते. आखचे पाणी मात्र ऱ्हाइन नदीतून उत्तर समुद्राला जाते. म्हणजे एकाच नदीच्या पाण्याची दोन समुद्रांत वाटणी जमिनीखाली झाली होती.

रंगाने पाणी कोठून कोठे जाते हे कळले, पण ते जमिनीखाली कोणत्या वाटेने जाते हे कळले नाही. त्यासाठी भूभौतिकीची मदत घेतात. भूभौतिकी म्हणजे जमीन न खणता, भौतिकशास्त्राच्या साधनांनी तिच्या पोटातील गोष्टींचा तर्क करण्याचे शास्त्र. पोकळ गुहेच्या जागी दगडाचे वस्तुमान कमी असते, म्हणून तिच्या बरोबर वर गुरुत्वाकर्षण अगदी किंचित कमी भरते. हा फरक पृथ्वीच्या आकर्षणाच्या दहा कोटींत एक भाग एवढा बारीक असला तरी टिपणारी यंत्रे आहेत. दुसरी युक्ती विजेची. वरच्या विवरात मिठाचे पाणी सोडायचे आणि जमिनीवर खुंट्यांच्या रांगा लावून पुन्हा पुन्हा विजेची मोजणी करायची. मिठाचे पाणी वीज चांगली वाहून नेते. त्यामुळे जेथे जेथे विरोध कमी होत जातो, तेथून तेथून ते पाणी पुढे सरकत आहे असे कळते.

काळ्या दगडात पाणी कोठे राहते?

आता नांदूरघाटला परत येऊ. बेसाल्ट पाण्यात चुनखडकासारखा विरघळत नाही. त्यामुळे येथे पाण्याने कोरलेल्या गुहा नाहीत आणि जमिनीखाली खळाळत जाणाऱ्या नद्याही नाहीत. 'पाताळगंगा' हा शब्द ऐकायला गोड आहे, पण तुमच्या गावाखाली ती वाहत नाही. मग विहिरीला पाणी येते ते कोठून?

एखादी न बांधलेली जुनी विहीर काठावरून, कठड्याला धरून, मोठ्या माणसांच्या सोबतीने पाहा. सगळ्यांत वर काळी माती दिसेल. तिच्याखाली मुरूम, म्हणजे कुजून भुसभुशीत झालेला दगड. त्याखाली भेगाळलेला कच्चा खडक. मग टणक काळा पाषाण. पाषाणाच्या खाली कधी कधी छिद्रेच छिद्रे असलेला, पांढऱ्या खड्यांचा दगड लागतो. काही गावांत त्याला मांजऱ्या म्हणतात. हा असतो आधीच्या लाव्हाथराचा माथा. रस थिजताना त्यातील वायू वर आले आणि त्यांचे बुडबुडे तेथेच अडकले, म्हणून ही छिद्रे. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा विटकरी रंगाचा गेरूचा पट्टा दिसतो. एक थर थिजल्यावर त्याच्या माथ्याची माती झाली आणि नंतर आलेल्या तप्त रसाने ती भाजली गेली, की असा पट्टा बनतो.

यांतील पाणी धरणारे थर कोणते? मुरूम, भेगाळलेला खडक आणि कुजलेला किंवा भेगा असलेला मांजऱ्या. टणक पाषाणात पाणी नसते. असलेच तर एखाद्या भेगेपुरते. गेरूची चिकणमाती पाणी शोषून ओली होते खरी, पण ते सोडत नाही. आणि हे सारे थरांवर थर किती खोलवर गेले आहेत? ३० सप्टेंबर १९९३ रोजी शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तेथे एक खोल छिद्र घेतले, तेव्हा काळ्या दगडाची जाडी सुमारे ३३८ मीटर भरली. त्याखाली अगदी निराळा, फार प्राचीन खडक लागला. पण या जाडीला भुलू नका. विहिरींना भरवशाचे पाणी मिळते ते बहुधा वरच्या काही मीटरांच्या मुरमातून व कच्च्या खडकातून. खोल गेल्यावर भेग लागली तर नशीब, अशी स्थिती असते.

जमिनीत वीज सोडली तर

आता ती पेटी उघडू. फ्रान्समधील कॉनराड श्लुंबर्जे याने १९१२ च्या सुमारास जमिनीत वीज सोडून खनिजे शोधण्याचे प्रयोग केले. पुढे काही वर्षांतच अमेरिकेच्या फ्रँक वेनर याने जमिनीचा विरोध मोजण्याची सुटसुटीत पद्धत मांडली. आजही मुख्यतः याच दोघांच्या रीती वापरतात. वेनरची रीत समजायला सोपी आहे.

एका सरळ रेषेत सारख्या अंतरावर चार खुंटे ठोकायचे. कोरड्या जमिनीत खुंट्याभोवती थोडे मिठाचे पाणी ओततात, म्हणजे खुंट्याचा जमिनीशी चांगला संपर्क होतो. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज जमिनीत सोडायची आणि ती किती अँपिअर आहे हे मोजायचे. आतल्या दोन खुंट्यांमध्ये किती व्होल्टचा फरक पडतो तेही मोजायचे. मग ओहमचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे : व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो. पण रोध खुंट्यांतील अंतरावरही अवलंबून असतो. म्हणून अंतराचा हिशेब घालून दगडाचा स्वतःचा गुण काढतात. त्याला रोधकता म्हणतात आणि ती ओहम-मीटरमध्ये सांगतात. सूत्र असे :

रोधकता = २ × ३.१४ × दोन खुंट्यांतील अंतर × (व्होल्ट ÷ अँपिअर)

एक उदाहरण करू. समजा खुंट्यांतील अंतर १० मीटर आहे, वीज ०.१ अँपिअर आहे आणि फरक ०.०५ व्होल्ट आला. रोध झाला ०.५ ओहम. रोधकता २ × ३.१४ × १० × ०.५, म्हणजे ३१.४ ओहम-मीटर. आता मधली जागा तीच ठेवून खुंटे ५० मीटर अंतरावर नेले. वीज तेवढीच, आणि फरक ०.०३२ व्होल्ट आला. व्होल्ट कमी झाले. पण गणित केले तर रोधकता सुमारे १०० ओहम-मीटर येते. म्हणजे ती तिपटीहून अधिक वाढली!

असे का झाले? खुंटे जवळ असले की बरीचशी वीज वरवरच्या थरांतूनच जाते. खुंटे लांब नेले की ती अधिक खोल पसरते आणि खालच्या थरांचाही परिणाम आकड्यात उतरतो. आपल्या उदाहरणात वर ओलसर मुरूम होता आणि खाली टणक पाषाण, म्हणून आकडा चढला. अंतर टप्प्याटप्प्याने वाढवत गेले की आकड्यांचा आलेख तयार होतो आणि त्यावरून थरांचा तर्क करता येतो. मात्र 'खुंट्यांचे अंतर म्हणजेच खोली' असे समीकरण नाही. प्रत्येक आकड्यात वरच्या सगळ्या थरांची सरमिसळ असते. ती सोडवून प्रत्येक थर वेगळा काढणे हे या विद्येतील खरे कसब आहे.

एकाच आकड्याचे दोन अर्थ

कोरड्या दगडातून वीज सहजासहजी जात नाही. पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे ती जाते. म्हणून दगडात ओल असली की रोधकता उतरते. आपल्याकडील काळ्या दगडाच्या प्रदेशात ढोबळमानाने असे आकडे मिळतात : ओली काळी माती दहाच्या आसपास, पाणी धरलेला मुरूम २० ते ४०, पाण्याने भरलेला भेगाळ खडक ४० ते ७०, आणि टणक पाषाण शंभराच्या पुढे, कधी कित्येकशे ओहम-मीटर. हे आकडे गावागणिक थोडेफार बदलतात.

मग ४० आकडा आला की पाणी, असे ठरवून टाकावे का? येथेच गफलत होते. चिकणमातीही वीज चांगली नेते. गेरूचा ओला पट्टा यंत्राला कमी विरोधाचा दिसतो, पण त्यातून विहिरीला पाणी मिळत नाही. पाणी खारट असेल तरी आकडा उतरतो, आणि ते पिकाला चालत नाही. चुनखडकाच्या प्रदेशात तर आणखी घोटाळा. तेथील अखंड दगडाची रोधकता हजारांत जाते. पोकळ गुहेत हवा असते आणि हवेतून वीज जातच नाही, म्हणून कोरड्या गुहेवर आकडा आणखी चढतो. गुहा पाण्याने भरली असेल तर तो खाली येतो. पण ती चिखलाने भरली असेल तरीही खाली येतो! मग तेथे गुरुत्वाकर्षणाची मोजणी जोडीला घेतात. पाण्याची घनता १, चुनखडकाची सुमारे २.७ आणि चिखलाची या दोहोंच्या मध्ये. त्यामुळे पाण्याने भरलेल्या गुहेवर आकर्षणातील घट अधिक दिसते. दोन वेगळ्या साक्षीदारांची साक्ष जुळली, की मगच निकाल.

काळ्या दगडात दुसरा साक्षीदार म्हणजे आजूबाजूच्या विहिरी. शेजारच्या विहिरीत मुरूम किती खोल आहे, गेरू कोठे लागतो, उन्हाळ्यात पाणी कोठे टेकते, हे पाहिल्याशिवाय आलेखाचा अर्थ लावू नये. धुळे-नंदुरबार भागात दगडाच्या उभ्या भिंती जमिनीत घुसलेल्या आहेत. त्या पाणी अडवतात किंवा त्यांच्या कडेने ते साठते. तेथे चुंबकीय मोजणीचाही उपयोग होतो. म्हणजे ज्या प्रदेशात जसा दगड, तशी साधने निवडायची.

यंत्राची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा. शंभर मीटर खोलीवर हातभर रुंदीची भेग असली तर वरून केलेल्या या मोजणीत ती उमटत नाही. मधल्या शेकडो ओहम-मीटरच्या पाषाणात ती हरवून जाते. तेव्हा कोणी पेटीकडे पाहून "अमुक इतक्या फुटांवर अमुक इतके इंच पाणी लागेल" असे छातीठोकपणे सांगू लागला, तर तो विज्ञानाच्या नावाने नारळच फिरवतो आहे असे समजा. चांगला भूवैज्ञानिक असे बोलत नाही. तो सांगेल, "येथे मुरूम जास्त जाड दिसतो, पाणी मिळण्याचा संभव या जागी त्या जागेपेक्षा अधिक आहे." या वाक्याने छाती फुगत नाही, पण पैसे वाचतात.

यंत्रे सुधारत आहेत. आता चारांऐवजी कित्येक खुंटे एकदम जोडून संगणकाच्या साहाय्याने जमिनीच्या उभ्या छेदाचे चित्र काढता येते. २०१३ च्या सुमारास केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी हेलिकॉप्टरला तारेचे मोठे वेटोळे टांगून भारतातील सहा ठिकाणी भूजलाची पाहणी केली. त्यांतले एक ठिकाण नागपूर जिल्ह्यात होते. पण आकाशातून मोजा की जमिनीवरून, मोजायचा तो दगडाचा विजेला होणारा विरोधच. अर्थ लावण्याचे काम माणसालाच करावे लागते.

मग पाणाड्याचे काय?

"पण आमच्या गावच्या पाणाड्याने दाखवलेल्या जागी खरोखरच पाणी लागले!" असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. लागले असेल. चांगला पाऊस झालेल्या वर्षी, सखल जागी आणि मुरमाच्या जमिनीत, डोळे मिटून खणले तरी पुष्कळदा थोडेफार पाणी लागतेच. शिवाय अनुभवी पाणाड्याची नजर ओढ्याचा काठ, उंबरासारखी झाडे आणि जमिनीचा उतार नकळत टिपत असते. यश गावभर सांगितले जाते. कोरडी गेलेली विहीर मात्र कोणी सांगत नाही. पायाळू माणसाला पाणी दिसते, ही समजूतही अशीच टिकून आहे.

खरे-खोटे करायचे असेल तर वाद घालू नका, नोंद करा. तुमच्या वर्गाने गावातील विंधन विहिरींची एक वही करावी. जागा कोणी दाखवली, नारळाने की यंत्राने की कोणीच नाही. विहीर किती खोल गेली. पाणी लागले का. आणि दोन उन्हाळे गेल्यावर ते टिकले का? यशस्वी विहिरींइतक्याच काळजीने फसलेल्याही लिहा. एवढ्या माहितीवर तुम्हाला जे कळेल, ते कोणा मोठ्या माणसाच्या शब्दापेक्षा अधिक भरवशाचे असेल.

सापडले म्हणजे पुरले का?

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा हिशेब. समजा जागा अचूक सापडली. तेथे पाणी आहे तरी किती?

काळ्या दगडाच्या कच्च्या खडकातून शंभर भागांमागे साधारण दोनच भाग पाणी सुटून येते. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. त्याखाली ५ मीटर जाडीचा खडक पाण्याने भरलेला आहे असे धरू. ४,००० × ५ म्हणजे २०,००० घनमीटर खडक. त्याचे शंभरातील दोन भाग म्हणजे ४०० घनमीटर, अर्थात ४ लाख लिटर पाणी. पुष्कळ वाटते ना? पण एक एकर उसाला वर्षभरात सुमारे २ मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर ते होते ८,००० घनमीटर, म्हणजे ८० लाख लिटर! साठा चार लाखांचा आणि मागणी ऐंशी लाखांची.

आणि दर वर्षी भर किती पडते? या भागात पाऊस साधारण ६५० ते ७०० मिलिमीटर. ६५० धरला तर एकरावर २,६०० घनमीटर पाणी पडते. त्यातील दहावा हिस्सा खाली मुरला असे मानू. म्हणजे २६० घनमीटर. उरलेले वाहून जाते, वाफ होऊन उडते किंवा पिके आणि गवत पिऊन टाकतात. तेव्हा एक एकर जमीन दर वर्षी खाली जमा करते अडीच लाख लिटरांच्या आसपास. हे आपले भूजलाचे बँकखाते. यंत्र फार तर खात्याचा क्रमांक सांगेल. शिल्लक वाढवण्याचे काम त्याचे नव्हे. ती वाढते नाला अडवल्याने, बांध घातल्याने, माळावर पाणी मुरवल्याने आणि कमी पाण्याची पिके घेतल्याने.

शेजाऱ्याने शंभर फूट खणले म्हणून आपण दोनशे खणायचे, मग त्याने चारशे, या शर्यतीत सगळे एकाच खात्यातून पैसे काढत असतात. म्हणूनच महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घालण्याची तरतूद आहे.

करून पाहा

(१) एका प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात कोरडी वाळू भरा. एका रेषेत पाच-पाच सेंटिमीटरवर चार खिळे रोवा. बाहेरच्या दोन खिळ्यांना ९ व्होल्टची बॅटरी आणि तिच्या जोडीने मिलिअँपिअर मोजणारा मीटर जोडा. आतल्या दोन खिळ्यांना व्होल्ट मोजणारा मीटर लावा. कोरडी वाळू, साध्या पाण्याने भिजवलेली वाळू, मिठाच्या पाण्याने भिजवलेली वाळू आणि ओली चिकणमाती यांची रोधकता वरच्या सूत्राने काढून पडताळा. अंतर मीटरमध्ये, म्हणजे ०.०५ असे घालायला विसरू नका. टब जितका मोठा व खोल, तितके उत्तर खरे येईल. ओली वाळू आणि ओली चिकणमाती आकड्यांवरून वेगळ्या ओळखता येतात का, तेही पाहा. घरातील भिंतीवरच्या विजेचा या प्रयोगात चुकूनही उपयोग करू नका.

(२) दोरीला वजन बांधून एका विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतची खोली दर पंधरवड्याला मोजा. मोठे माणूस बरोबर असू द्या. महाराष्ट्राची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा अशीच मोजते. पावसाच्या नोंदी शेजारी लिहा आणि दोहोंचा आलेख काढा.

तर मित्रांनो, वडिलांनी विचारले, "कोणाचे खरे मानायचे?" तर त्यांना सांगा : आधी शेजारच्या विहिरींतला दगड पाहू, मग यंत्राचा आलेख पाहू, आणि दोन्ही जुळले तरच खणू. आणि खणण्याआधी हेही विचारू, की या जमिनीत गेल्या पावसाळ्यात पाणी मुरले तरी किती होते? कारण जे पाणी खाली गेलेच नाही, ते जगातील कोणत्याही यंत्राला सापडणार नाही.